सोमवारी सकाळी दुखणारे पोट



येत्या १ ऑक्टोबरला आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करणार आहोत. तिच्या हातातील क्रूस आणि गुलाबाची फुले आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. ती मिशनकार्याची आश्रयदाती आहे, हेही आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. परंतु ही संत लहानपणी शाळेत रडत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आजचा पाठ त्याविषयी आहे. आईवडिलांनी तो घरी मुलांसोबत वाचावा, अशी माझी विनंती आहे.

माझी एक चूक

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. हे मला पापनिवेदनात कोणी सांगितलेले नाही आणि त्या कुटुंबाच्या परवानगीनेच मी ते लिहीत आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

सहावीत शिकणाऱ्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. दर सोमवारी सकाळी मुलाचे पोट दुखायचे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की थांबायचे. दवाखान्यात तपासून झाले होते, काही निघाले नव्हते. नजर लागली म्हणून कोणीतरी हाताला दोराही बांधला होता. शेवटी आई म्हणाली, "फादर, तुम्ही याला आशीर्वाद द्या." मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शाळेत कोणी त्रास देते का, असे विचारले, तेव्हा तो खाली बघत "चिडवतात" एवढेच म्हणाला. मी त्याला सांगितले, "बाळा, येशूनेही सहन केले. तू क्षमा कर आणि गप्प राहा." त्याने मान हलवली. मला वाटले, काम झाले.

दोन आठवड्यांनी तो काळी-पिवळीतून शाळेच्या अलीकडेच उतरला आणि दिवसभर नाल्याकाठी बसून राहिला. अंधार पडल्यावर गावकऱ्यांना तो सापडला. तेव्हा कुठे सगळे बाहेर आले. वर्गातील चार-पाच मुले रोज त्याचा डबा उघडून भाकरीवरून हसत होती. तो घरची बोली बोलला की तेच शब्द वेडेवाकडे करून त्यालाच ऐकवत होती. त्याला सगळ्यात जास्त लागले होते ते वेगळेच. पहिलीपासून शेजारी बसणारा त्याचा मित्र आता त्या मुलांत उभा राहून हसत होता. आईने विचारले, "मग आधी का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "फादर म्हणाले ना, गप्प राहायचं."

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. मी त्याला सुवार्ता दिली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्याचे तोंड बंद केले होते.

तेरेजाची शाळा

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ या गावी झाला. साडेचार वर्षांची असताना तिची आई वारली. त्यानंतर कुटुंब लिझ्यू येथे राहायला गेले. मोठी बहीण पोलिन हीच तिची दुसरी आई झाली. ऑक्टोबर १८८१ मध्ये, साडेआठ वर्षांची असताना, तेरेजा बेनेडिक्टाईन सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागली. घरी चांगली तयारी झाल्यामुळे तिला तिच्यापेक्षा मोठ्या मुलींच्या वर्गात बसवण्यात आले आणि तिथे तिचा नंबर वर येऊ लागला. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीला ते सहन झाले नाही. ती अभ्यासात कच्ची होती, पण इतर मुलींवर तिचे वजन होते. तिने तेरेजाला हरप्रकारे त्रास दिला. स्वभावाने बुजऱ्या असलेल्या तेरेजाला उलट बोलता येत नव्हते. ती रडायची आणि पोलिनलाही काही सांगायची नाही.

मधल्या सुट्टीतील धावपळीचे खेळ तिला जमत नव्हते. पुढे तिने मैत्री करण्याचाही प्रयत्न केला. एका मुलीवर तिचा फार जीव जडला. ती मुलगी काही महिने घरी गेली होती. तेरेजा तिची आठवण काढत वाट पाहत राहिली. ती परत आली तेव्हा तिने तेरेजाकडे कोरड्या नजरेने पाहिले, एवढेच. हे सारे तेरेजाने मोठेपणी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. शाळेतील ती पाच वर्षे आयुष्यातील सर्वांत दुःखाची होती आणि बहीण सेलिन सोबत नसती तर आपण महिनाभरही तिथे टिकलो नसतो, असे ती सांगते.

ऑक्टोबर १८८२ मध्ये पोलिन कार्मेल मठात गेली. तेरेजाला पुन्हा आई गमावल्यासारखे झाले. १८८३ च्या ईस्टरला ती आजारी पडली. थरथर, भास, अंथरुणातून उठता न येणे असे अनेक आठवडे चालले. १३ मे १८८३ रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, बहिणी पवित्र मरियेच्या पुतळ्यासमोर प्रार्थना करीत असताना माता आपल्याकडे पाहून हसल्याचे तिने अनुभवले आणि ती बरी झाली. पण लक्षात घ्या, त्या चमत्कारानंतरही शाळा सोपी झाली नाही. १८८६ मध्ये, ती तेरा वर्षांची असताना, वडिलांनी तिला शाळेतून काढून एका बाईंकडे खासगी शिकवणी लावली. तिचे वडील लुई हे स्वतः आज संत आहेत. या भित्र्या मुलीला १९२५ मध्ये संतपद मिळाले आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

यावरून दोन गोष्टी शिकू या. पहिली, भित्रे मूल म्हणजे श्रद्धेत कमी पडलेले मूल नव्हे. दुसरी, तेरेजाला प्रार्थनेने आधार दिला, तसाच सोबत असलेल्या बहिणीने आणि निर्णय घेणाऱ्या वडिलांनीही दिला. देव माणसांच्या हातांनीही काम करतो.

संतांच्या घरातही कळले नाही

त्याच घरातील तेरेजाची मोठी बहीण लिओनी हिची गोष्ट आईवडिलांनी अवश्य ऐकावी. ही मुलगी हट्टी आणि अवघड समजली जात होती. बोर्डिंगच्या शाळेतून तिला परत पाठवण्यात आले होते. आई झेली ही लेस विणण्याचा व्यवसाय सांभाळणारी, कष्टाळू आणि प्रार्थनाशील स्त्री होती. लिओनीसाठी तिने खूप प्रार्थना केल्या, तरी मुलगी जवळ येत नव्हती. १८७७ मध्ये उघडकीस आले की घरातील मोलकरीण लिओनीला धाक दाखवून आपल्या मुठीत ठेवत होती आणि आईपासून तोडत होती. तो धाक दूर होताच मुलगी आईला बिलगू लागली. आई मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली. पुढे अनेक अपयशांनंतर लिओनी व्हिजिटेशन संघात सिस्टर झाली आणि २०१५ मध्ये तिच्या संतपदासाठीची प्रक्रिया सुरू झाली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लुई व झेली यांना संत घोषित करण्यात आले.

म्हणजे एका संत आईलाही घरातला छळ कळला नव्हता. म्हणून ज्यांच्या मुलांना त्रास झाला, त्या आईवडिलांनी स्वतःला दोष देत बसू नये. पण "आमचं मूल मुळातच हट्टी आहे" असा शिक्का मारण्यापूर्वी एकदा थांबावे.

साताऱ्याचे गोणपाट

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचा साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश झाला. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात बसायला ते घरून गोणपाट नेत आणि संध्याकाळी परत घेऊन येत, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावत नसे. नळाला त्यांनी हात लावायचा नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच राही.

इथे त्रास एखाद्या खोडकर मुलाचा नव्हता. मोठ्यांनी बनवलेला नियमच मुलाला रोज सांगत होता की तू कमी आहेस. कायदा बदलला, गोणपाट गेले. पण आपल्या जिल्ह्यात एखादे मूल पाड्यावरून येते, घरी पावरी, भिली किंवा मावची बोलते आणि वर्गात मराठी बोलताना अडखळते. तेव्हा "डोंगरातला आला" असे कोणी म्हटले आणि शिक्षकांसकट सगळा वर्ग हसला, तर ते त्याच गोणपाटाचे नवे रूप नाही का? घरची बोली ही लाज नसून आईने दिलेला पहिला वारसा आहे, हे आपण मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

भीती शरीरात उतरते

सोमवारचे पोट दुखणे हे ढोंग असेलच असे नाही. मुलाला शब्दांत सांगता येत नाही ते शरीर सांगते. पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे, अंथरूण ओले होणे, जेवण कमी होणे, वह्या-पेन वारंवार हरवणे, कपडे फाटणे, एकदम चिडचिड होणे या खुणा आहेत. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. तिथे काही निघाले नाही तर "काही झाले नाही" असे न म्हणता शोध पुढे चालू ठेवावा.

भीतीचा एक स्वभाव आहे. जिची भीती वाटते ती गोष्ट टाळली की त्या क्षणी बरे वाटते, पण पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. म्हणून दिवसामागून दिवस घरी ठेवणे हा उपाय नव्हे. तसेच, शाळेतला त्रास थांबवल्याशिवाय मुलाला ओढत नेणे हाही उपाय नव्हे. आधी शाळेत ते सुरक्षित करावे, मग पायरीपायरीने पाठवावे. पहिले काही दिवस कोणीतरी सोबत जावे आणि शाळेत कोणाकडे धाव घ्यायची, हे आधीच ठरवून द्यावे.

दुसरा गाल पुढे करणे म्हणजे काय?

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येऊ. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्यास सांगितले आहे. मग मुलाने गप्प मार खावा काय?

योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडा. प्रमुख याजकासमोर एका शिपायाने येशूला चापट मारली. येशूने उलट हात उचलला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून दे, बरोबर असेल तर मला मारलेस का, असा सरळ प्रश्न त्याने विचारला (योहान १८:२३).

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमक्या याच वचनाचा आधार घेतला आहे. अपमान सहन करावा काय, या प्रश्नाचा विचार करताना ते म्हणतात की सहन करण्याची तयारी मनात नेहमी असावी, परंतु प्रत्येक वेळी गप्पच राहावे असे बंधन नाही. कधी कधी अपमान करणाऱ्याला रोखणे आवश्यक असते. एक तर त्याच्याच भल्यासाठी, म्हणजे त्याचा उद्दामपणा वाढू नये म्हणून. दुसरे, इतरांच्या भल्यासाठी. दुसऱ्याला लाजवण्यासाठी केलेल्या टवाळीला तर त्यांनी वेगळे पाप मानून स्वतंत्र चर्चा केली आहे. हे लिहिणाऱ्या थॉमस यांना विद्यार्थिदशेत, ते कमी बोलत म्हणून, सोबती "मुका बैल" म्हणत असत. या बैलाची हंबर एक दिवस जगभर ऐकू जाईल, असे त्यांचे गुरू आल्बर्ट यांनी म्हटल्याचे सांगतात.

तेव्हा क्षमा आणि गप्प बसणे यांत फरक आहे. क्षमा म्हणजे सूड न घेणे, समोरच्याचे वाईट न चिंतणे. जे घडले ते मोठ्यांना सांगणे हा सूड नव्हे, ती चुगलीही नव्हे. दुसऱ्याला अडचणीत आणण्यासाठी सांगणे ही चुगली. कोणाला तरी अडचणीतून सोडवण्यासाठी सांगणे हे सत्याशी प्रामाणिक राहणे. हा फरक प्रत्येक मुलाला पाठ झाला पाहिजे. "तूही दे एक ठेवून" हा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. त्याने भांडण वाढते आणि शेवटी मुका मार खाणाराच शिक्षेत सापडतो.

मित्र बदलतात तेव्हा

आपल्याकडे दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, कामाला गुजरातकडे जातात. होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर ती परततात. मोठ्यांच्या दृष्टीने ते चार-पाच महिने असतात. मुलाच्या दृष्टीने परत येईपर्यंत बाक बदललेला असतो, जोडीदार बदललेला असतो आणि अभ्यास पुढे गेलेला असतो. तेरेजाने सोसलेली ती कोरडी नजर आपली मुले दरवर्षी सोसतात.

बेनसिराच्या ग्रंथाचा सहावा अध्याय मित्रांविषयी आहे. काही मित्र पंगतीपुरते असतात आणि संकटाच्या दिवशी टिकत नाहीत, पण एकनिष्ठ मित्र हा भक्कम आसरा असतो, अशी शिकवण तेथे आहे. मुलाला सांगावे की दहा मित्र असण्याची गरज नाही. एक पुरे. त्या एकाला घरी बोलवावे, भाकरी वाढावी, दोघांना मिळून शेतात खेळू द्यावे. जो मित्र दूर गेला, त्याला शिव्या देऊ नयेत. तोही बहुधा घाबरलेलाच असतो. आपण हसलो नाही तर उद्या आपली पाळी येईल, असे त्याला वाटते. प्रभूचे मित्रही त्याला गेथसेमनीत सोडून पळाले होते, आणि त्यांपैकी बहुतेक परत आले.

रऊबेनची अर्धी हिंमत

उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याच्याशी धड बोलतही नव्हते. बापाने एकाच मुलाला खास झगा देऊन त्या द्वेषाला खतपाणी घातले होते. त्यांनी योसेफाला विहिरीत टाकले आणि बाजूलाच जेवायला बसले. थोरला रऊबेन त्याला वाचवू इच्छित होता. पण त्याने भावांना उघडपणे "हे चूक आहे, याला घरी जाऊ द्या" असे म्हटले नाही. नंतर गुपचूप सोडवू, असा त्याचा बेत होता. तो परत आला तेव्हा विहीर रिकामी होती. वीसएक वर्षांनी मिसरात तेच भाऊ कबूल करतात की भाऊ विनवणी करीत होता आणि आपण ऐकले नाही (उत्पत्ती ४२:२१).

प्रत्येक वर्गात त्रास देणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ असतात. आपले मूल त्रास देणाऱ्यांत किंवा हसणाऱ्यांत आहे काय, हेही विचारा. तसे असेल तर त्याला झोडपू नका. त्याने घरी कोणाला तसे बोलताना ऐकले, ते आधी तपासा. आणि आपले आवारही तपासू या. वेदीसेवकांत, गायनवृंदात, वसतिगृहात, धर्मशिक्षणाच्या वर्गातही टवाळी चालते. तिथे कोणी त्रास देत असेल तर थेट माझ्याकडे यावे. यापुढे मी "गप्प राहा" म्हणणार नाही.

घरी आणि शाळेत काय करावे?

१. "शाळा कशी होती?" या प्रश्नाला "चांगली" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "डबा खाताना शेजारी कोण होतं?", "मधल्या सुट्टीत कुठे होतास?" असे छोटे प्रश्न विचारावे. तेही काम करता करता, भाजी निवडताना, गुरांना पाणी दाखवताना.

२. मूल बोलू लागले की मध्ये तोडू नये. "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तोंडातून काढू नये. "सांगितलंस ते बरं केलंस. आता आपण दोघं मिळून बघू" एवढे म्हणावे.

३. काय, कधी, कुठे घडले ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातील मुलाकडून लिहून घ्यावे.

४. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नये. प्रथम वर्गशिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना भेटावे. सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ती समिती आपली आहे. आश्रमशाळेत अधीक्षक-अधीक्षिका असतात. तिथे दाद लागली नाही तर नंदुरबार व तळोदा येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

५. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक आहे आणि मूल स्वतःही तो फिरवू शकते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. मूल "मला जगायचंच नाही" असे म्हणाले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

६. निजताना मुलासोबत छोटी प्रार्थना करावी. त्रास देणाऱ्याचे नावही तिच्यात घ्यावे, पण मुलाची तयारी झाल्यावरच, जबरदस्तीने नव्हे.

शेवटी

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आई-वडील वर्गशिक्षकांना भेटले, मीही सोबत गेलो. गुरुजींनी गाजावाजा न करता बाक बदलले आणि डबा खाताना स्वतः मुलांत बसू लागले. चिडवणे पुष्कळ कमी झाले. जुना मित्र अजून पूर्वीसारखा बोलत नाही. एखाद्या सोमवारी पोट अजूनही दुखते. पण आता तो आईला सांगतो, आणि सांगून शाळेत जातो. मी त्याची क्षमा मागितली. तो लाजून हसला आणि म्हणाला, "असू द्या, फादर." क्षमा कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी त्याच्याकडून शिकायला मिळाले.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणते मूल हल्ली गप्प झाले आहे?
२. आपण मोठी माणसे कोणाच्या बोलीवर, पाड्यावर, रंगावर किंवा गरिबीवर मुलांसमोर हसतो काय?
३. मुलांनो, तुमच्या वर्गात डबा खाताना एकटे कोण बसते? उद्या त्याच्या शेजारी कोण बसेल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लहानांना जवळ बोलावलेस आणि त्यांना तुच्छ लेखू नका असे आम्हांला बजावलेस. जी मुले आज रात्री उद्याच्या शाळेच्या भीतीने जागी आहेत, त्यांच्या उशाशी तू बस. जी मुले दुसऱ्याला रडवतात, त्यांची मने वळव. आम्हा मोठ्यांना ऐकणारे कान आणि बोलण्याचे धैर्य दे. संत तेरेजा, आमच्या मुलांसाठी विनंती कर. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू